खोपा घालून झाला, आता पुस्तक कधी?

मैत्रिणींनो, हे भांडण घरातलं आहे. तरीही ते तुमच्यासमोर आणते आहे. घरातलं भांडण घरातच ठेवायचं, हा धडा आपण सगळ्यांनीच लहानपणी गिरवला आणि पुढे मोठ्या कष्टानं विसरलो. शिवाय हे भांडण मारहाणीचं नाही, हुंड्याचं नाही, जमिनीचंही नाही. ते आहे एका वाचन मंडळाचं आणि साड्यांचं. 'एवढंच ना?' असं म्हणून पान उलटू नका. बाईच्या आयुष्यातल्या पुष्कळशा गोष्टी या 'एवढंच ना' मध्येच गाडल्या गेल्या आहेत.

आमचं माहेरचं घर असोद्याचं. जळगावच्या शेजारचं हे गाव, भरताच्या वांग्यांसाठी आणि बहिणाबाई चौधरींचं जन्मगाव म्हणून खानदेशात सगळ्यांना ठाऊक. तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात वाचन मंडळ सुरू झालं. चुलत, आते, मामे असे मिळून एकोणीस जण. कुणी गावात, कुणी जळगावात, दोन कुटुंबं पुण्यात. दर दोन महिन्यांनी असोद्याच्या घरी जमायचं, ठरलेलं पुस्तक वाचून यायचं, त्यावर बोलायचं आणि एकत्र जेवायचं. कल्पना माझीच होती. वस्तीवस्तीत बायकांचे गट बांधणाऱ्या बाईला आपल्या घरातल्या बायकांचाही गट व्हावा असं वाटलं, यात नवल नाही.

पहिलं पुस्तक होतं 'श्यामची आई'. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवायचे, त्यामुळे ते आम्हाला घरचेच वाटतात. त्या वेळी 'सगळ्याजणी साध्या सुती साड्या नेसून येऊ या' असं सुचवणारीही मीच. तेव्हा ते गोड वाटलं. पण पुढच्या बैठकीपासून या सुचवण्याचं फर्मान झालं. 'स्वामी' वाचायचं ठरलं, तेव्हा पैठणी, नथ आणि चंद्रकोर. 'बनगरवाडी'ला इरकल आणि ठसठशीत कुंकू. दर वेळी घरातल्या ग्रुपवर पुस्तकाच्या नावाखाली साडीची चार-पाच वाक्यं यायची आणि शेवटी एक ओळ: 'पुरुषांनी सोयीचं.' ही शेवटची ओळ मी तीन वर्षं वाचत होते. ती मला दिसली मात्र यंदा.

यंदा २४ ऑगस्टच्या, म्हणजे बहिणाबाईंच्या जयंतीच्या बैठकीला पुस्तक होतं 'बहिणाबाईंची गाणी'. बायकांनी नऊवारी, खोपा, गळ्यात डोरलं. माझ्या दहा वर्षांच्या भाचीला बहिणाबाई केलं होतं. तिला मोठ्या बाईसारखं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं आणि माळ्यावरचं जातं खाली काढून तिच्यापुढे ठेवलं. सगळ्यांनी फोटो काढले. मग तिची ओळख करून देताना घरातले एक काका म्हणाले, 'या बाईला अक्षरओळख नव्हती, तरी केवढं काव्य केलं!' टाळ्या झाल्या. भाचीनं जात्याचा खुंटा सोडला आणि विचारलं, 'पण यांना शाळेत का नाही घातलं?' काका हसून म्हणाले, 'अगं, देवाचं देणं होतं ते. तिला शाळेची गरजच नव्हती.' पुन्हा टाळ्या.

त्या दुसऱ्या टाळीपाशी मी अडले ती अजून अडलेली आहे.

जेवणं झाल्यावर मी तेच केलं जे आपण गावोगावच्या शिबिरांत करतो. कागदावर मोठं वर्तुळ काढलं, त्याचे चोवीस तासांचे चोवीस भाग केले आणि म्हटलं, गेल्या आठवड्यातला एक दिवस यात भरा. हा खेळ तुम्ही सगळ्यांनी खेळला आहे. वस्तीत खेळताना बायका हसतात, मग गप्प होतात, मग बोलायला लागतात. आमच्या घरात गप्प होण्यापर्यंतच गाडी आली. कारण मी पुढे विचारलं होतं, 'पुस्तक पूर्ण कुणी वाचलं?' आठ पुरुषांपैकी पाच जणांनी हात वर केले. अकरा जणींपैकी दोघींनी. त्यातली एक मी. दुसरी कॉलेजात शिकणारी, वसतिगृहात राहणारी चुलत बहीण. ज्यांच्या हाताखाली चूल नाही अशा दोघी! मधल्या वहिनीच्या पुस्तकात नवव्या पानावर बसचं तिकीट खुणेला ठेवलेलं होतं. ते तिकीट जूनचं होतं.

कुणी म्हणेल, एका घराचा हिशेब काय सांगता? तर देशाचा सांगते. केंद्र सरकारनं २०१९ साली केलेल्या वेळ-वापराच्या सर्वेक्षणात, सहा वर्षांवरच्या शंभर बायकांपैकी ८१ जणी घरातलं बिनमोबदल्याचं काम करताना आढळल्या आणि पुरुषांपैकी २६ जण. हे काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषाची ९७. म्हणजे रोजचे जवळपास पाच तास. त्यात शेतातलं काम, नोकरी, मुलाबाळांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं धरलेलं नाही. आता सांगा, नवव्या पानावरचं तिकीट आळसाचं आहे का?

या पाच तासांच्या वर आम्ही काय ठेवलं? साजशृंगार. हौस म्हणून नाही, नियम म्हणून. नऊवारीसाठी जळगावच्या बाजारात खेपा, ब्लाऊज शिवून घेणं, शेजारणीकडून डोरलं मागून आणणं, सकाळी उठून एकमेकींचे खोपे घालणं, मुलींना नेसवणं. मधल्या वहिनीला मी विचारलं, 'त्या आठवड्यात पुस्तकाला वेळ नव्हता, पण साडीला होता?' ती म्हणाली, 'ताई, पुस्तक न वाचता आले तर कुणी बोलत नाही. साडी न नेसता आले तर सगळे बोलतात.' आपल्या सगळ्या अभ्यासवर्गांचं सार तिनं या दोन वाक्यांत सांगून टाकलं. बाईनं वाचलं काय आणि न वाचलं काय, कुणाचं अडत नाही. तिनं दिसायला मात्र हवं.

आणि हा वेष नुसता वेळ खात नाही. तो पुस्तकाचाही घास घेतो. 'स्वामी'ची बैठक आठवा. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ सालची, थोरल्या माधवराव पेशव्यांवरची. माधवराव १७७२ मध्ये थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या. आमच्या घरातल्या अकरा बायका रमाबाईंसारख्या नटून बसल्या होत्या आणि दोन तासांच्या चर्चेत 'सती' हा शब्द एकदाही उच्चारला गेला नाही. नथ कुणाची मोठी, यावर मात्र बोलणं झालं. १९८७ साली राजस्थानात देवराळ्याला अठरा वर्षांच्या रूपकुंवरला चितेवर जाळलं, तेव्हा देशभरच्या स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या. त्याच साली जो कायदा झाला त्यानं सतीच्या उदात्तीकरणालाही गुन्हा ठरवलं. जळणाऱ्या बाईला देवी करून तिचं जळणं झाकता येतं, हे आपल्या चळवळीला तेव्हाच कळलं होतं. आमच्या घरात कुणी सतीचं मंदिर बांधलं नाही, हे खरं. आम्ही फक्त तिची पैठणी घेतली आणि तिचं मरण गाळलं.

बहिणाबाईंचंही आम्ही तेच केलं. जातं घेतलं आणि प्रश्न गाळला. तो प्रश्न दहा वर्षांच्या मुलीला विचारावा लागला. त्याचं उत्तर 'देवाचं देणं' हे नाही. उत्तर इतिहासात आहे. बहिणाबाई १८८० साली असोद्याच्या महाजनांच्या घरात जन्मल्या. त्याच्या ३२ वर्षं आधी, १८४८ मध्ये, सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली होती. बहिणाबाई दोन वर्षांच्या होत्या तेव्हा, १८८२ साली, आपल्या शेजारच्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' छापून आलं होतं. म्हणजे बाईला वाचता येतं, लिहिता येतं, पुरुषांना जाब विचारता येतो, हे तोवर सिद्ध झालेलं होतं. तरी शेतकऱ्याच्या या मुलीपर्यंत पाटी पोचली नाही. तेराव्या वर्षी जळगावच्या चौधऱ्यांच्या घरी लग्न. तिशीच्या सुमारास वैधव्य. पदरात तीन मुलं आणि शेतीचं, घरचं न संपणारं काम. त्या कामातच त्यांनी रचना केल्या, कारण त्यांच्याकडे दुसरा वेळच नव्हता.

त्या टिकल्या कशा? त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव आणि एक नातलग यांनी ऐकून उतरवून घेतल्या म्हणून. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं १९५२ मध्ये. स्वतःचं छापील पुस्तक त्यांनी हातात धरलं नाही आणि धरलं असतं तरी त्यांना ते वाचता आलं नसतं. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. ज्या बाईला शाळा मिळाली नाही तिच्या नावाचं विद्यापीठ! याचा अभिमान आहेच. पण अभिमानासोबत थोडी शरम वाटायला नको का? निरक्षरता हा बहिणाबाईंचा दागिना नव्हता. तो त्यांच्यावर झालेला अन्याय होता. तो अन्याय डोक्यावरचा पदर आणि हातातलं जातं म्हणून आज मुलींना नेसवायचा आणि टाळ्या वाजवायच्या, हे मला मान्य नाही.

हे फक्त आमच्या घरात चालतं असं समजू नका. साहित्य संमेलनाची ग्रंथदिंडी आठवा. पालखीत ग्रंथ, पालखीपुढे नऊवारीतल्या मुली आणि बाया. अमळनेरला १९५२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं आणि पुन्हा २०२४ मध्ये झालं. दोन्ही वेळा अध्यक्ष पुरुष. २०२५ च्या दिल्लीच्या संमेलनापर्यंतच्या ९८ संमेलनांत बाई अध्यक्ष झाली ती सहा वेळा: कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, तारा भवाळकर. पालखीपुढे बायका किती आणि पालखीमागच्या व्यासपीठावर किती, हे मोजायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आता माझ्यावर झालेल्या आरोपांकडे येते. पहिला आरोप: 'तुम्हा मुक्तीवाल्यांना बायकांची हौस बघवत नाही.' हा आरोप पुरुषांनी केला असता तर मी सोडून दिला असता. तो केला मोठ्या काकूनं. ती म्हणाली, 'वर्षातनं सहा वेळा मी पेटीतली साडी काढते. घरातल्या दुसऱ्या कशासाठी मला कुणी नेस म्हणत नाही. तेही तू काढून घेते का?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण उत्तर नाही. काकू विधवा आहे. हळदीकुंकवाला तिला बोलावत नाहीत. वाचन मंडळात ती सगळ्यांसारखी नटून बसते, हे तिनं मिळवलेलं आहे. नटण्याला विरोध करताना मी तिच्यासारखीला पुन्हा पांढऱ्या कोपऱ्यात ढकलणार असेन, तर माझं चुकतं आहे. म्हणून स्पष्ट लिहिते: नटण्याशी माझं भांडण नाही. नटावं, वाटेल तेवढं नटावं, ज्या बाईला वाटेल तिनं आणि ज्या पुरुषाला वाटेल त्यानंही. भांडण त्या सक्तीशी आहे आणि पुस्तकाच्या जागी साडी ठेवून 'बायकाही सामील आहेत' असं म्हणण्याशी आहे. काकूला साडी हवी आहे, ती तिला मिळो. पण तिला हळदीकुंकवाला न बोलावणारे हात तेच आणि तिच्या साडीला टाळ्या वाजवणारे हातही तेच, हे तिच्याशी कधी कुणी बोललं आहे का? मीही बोलले नव्हते.

दुसरा आरोप कुणी केलेला नाही, तो मीच माझ्यावर करते. 'स्वामी'च्या बैठकीला मी वीस मिनिटं बोलले होते. त्या वीस मिनिटांत मधली वहिनी आणि भांड्यांना येणारी मावशी स्वयंपाकघरात वरण-बट्टीच्या बट्ट्या तळत होत्या. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत होता की नाही, हे मी पाहिलंही नाही. रमाबाई रानड्यांनी १९१० मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतल्यावर घरातल्या बायकांनीच त्यांना कसं छळलं, हे त्यात आलं आहे. आपण ते वाचतो आणि म्हणतो, बाईच बाईची वैरी. आता मला त्याचा दुसरा अर्थ दिसतो. एका बाईला पुस्तक मिळतं तेव्हा तिच्या वाटणीचं पीठ दुसरीला मळावं लागतं. पुस्तक देणारा पुरुष पीठ मळायला बसत नाही. मग राग कुणावर निघणार? जी जवळ आहे तिच्यावर. माझ्या वहिनीनं माझा राग केला नाही, हा तिचा चांगुलपणा. पण तिच्या चांगुलपणावर माझं वाचन चालणार असेल, तर मी कसली कार्यकर्ती? बाईच्या वाचनाचा वेळ दुसऱ्या बाईच्या अंगावरून नव्हे, तर पुरुषाच्या रिकाम्या वेळातून यायला हवा. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच.

'पुरुषांना स्वयंपाक जमत नाही' असं कृपा करून खानदेशात तरी कुणी सांगू नये. हिवाळ्यात आपल्याकडे शेतात भरताच्या पार्ट्या होतात. शंभर माणसांचं भरीत कोण करतं? काड्यांच्या जाळावर वांगी भाजणं, साली काढणं, बडगीत ठेचणं, फोडणी देणं, हे सगळं पुरुष करतात आणि मिश्या पिळून सांगतात. शेतात, मित्रांमध्ये, कौतुक होतं तिथे स्वयंपाक जमतो. तोच पुरुष घराचा उंबरा ओलांडला की पाण्याचा पेला मागतो. हे न जमणं नाही, हे न करणं आहे.

म्हणून मी मंडळासमोर चार गोष्टी ठेवल्या. एक, वेषाचा नियम रद्द. ज्याला हौस त्यानं करावी. दोन, बैठकीच्या दिवशीचा स्वयंपाक आणि भांडी पुरुषांकडे, भरीत झालं तरी चालेल. तीन, पुस्तक आधी त्या बाईच्या हातात जाईल जिच्याकडे सगळ्यात कमी वेळ आहे आणि तिनं वाचून संपवल्याशिवाय बैठकीची तारीख ठरणार नाही. चार, ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि त्या जे बोलतील ते लिहून घ्यायचं. ही चौथी गोष्ट आजीमुळे सुचली. सगळी चर्चा झाल्यावर ती म्हणाली, 'मले वाचता येत नही, पन आयकता येतं ना? तुम्ही मले फोटोत बसोता, वाचून कोन दाखोतं?' बहिणाबाईंच्या गावात, बहिणाबाईंच्या जयंतीला, निरक्षर बाईला सजवून बसवलं आणि तिच्यापाशी पुस्तक घेऊन कुणी बसलं नाही!

निकाल काय लागला? अजून लागलेला नाही. ग्रुपवर दोन दिवस जोरात वाद झाला, मग सगळे गप्प झाले. पुण्याच्या एका कुटुंबानं 'आता मजा राहिली नाही' म्हणून नाव काढून घेतलं. काका माझ्याशी बोलत नाहीत. मोठा भाऊ म्हणाला, 'एक वेळ करून बघू' आणि पौषातल्या बैठकीच्या भरताची वांगी सांगून ठेवली. मोठी काकू साडी नेसूनच येणार आहे आणि तिला कुणी अडवणार नाही. मधल्या वहिनीचं जूनचं तिकीट परवा पाहिलं तेव्हा एकतीसाव्या पानावर होतं. भाचीला मी तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. ती म्हणते, पुढच्या वर्षी जातं नको, पाटी द्या.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही महिला मंडळं आहेत, भिश्या आहेत, बचत गट आहेत, कुठे कुठे वाचनाचे गटही निघाले आहेत. पुढच्या बैठकीला ते चोवीस तासांचं वर्तुळ काढा. त्यात वाचनाचा भाग प्रत्येकीनं रंगवा. मग त्याखाली लिहा: त्या वेळात चुलीपाशी कोण होतं? जी नावं येतील ती आम्हाला कळवा. तिथे पुरुषांची नावं आली तर अवश्य कळवा. ती आम्ही आनंदानं छापू.